मेलेला लेखक आणि जिवंत मालक

रोलाँ बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' हा छोटेखानी निबंध १९६७ साली आधी इंग्रजीत आणि १९६८ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. मराठी समीक्षेत ही वार्ता पोचली ती बऱ्याच उशिरा. आणि पोचल्यावर तिचे जे झाले ते आपल्याकडे आयात झालेल्या बहुतेक सिद्धान्तांचे होत आलेले आहे. विचाराचे विधान झाले, विधानाचे सूत्र झाले आणि सूत्राचे प्रबंधातील दुसरे प्रकरण झाले. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी 'वाचक हा संहितेचा सहनिर्माता असतो' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहितो, ते त्याच्या आधीच्या पिढ्या 'साहित्यकृती ही स्वायत्त असते' हे वाक्य लिहीत त्याच निःशंकपणे. दोन्ही वाक्यांना सारखेच गुण मिळतात.

या सहनिर्मात्याला नेमके काय करता येते, काय करण्यास मज्जाव आहे आणि मज्जाव करणारा कोण, हे प्रश्न मात्र चर्चासत्रांतून सहसा विचारले जात नाहीत. विचारले, तर असे दिसून येईल की वाचककेंद्री समीक्षेतील हा वाचक आरामखुर्चीतून न उठणारा गृहस्थ आहे. तो अर्थ बदलतो, रिकाम्या जागा भरतो, संहितेची विरचना करतो. पण संहितेच्या एका अक्षराला त्याचा हात लागत नाही. त्याचे स्वातंत्र्य फुकटचे आहे, कारण त्यासाठी त्याला कुणाशी भांडावे लागत नाही. ज्या स्वातंत्र्याच्या आड कुणी येत नाही, त्याची घोषणा करायला धैर्यही लागत नाही.

या सिद्धान्ताची कसोटी पाहायची तर वाचकाला संहितेच्या आत खरोखर शिरावे लागते, अशा एखाद्या जागी जाऊन ती पाहिली पाहिजे. अशी जागा साहित्याच्या रूढ परिघाबाहेर आहे, म्हणून तिकडे फिरकायचे नाही, हा सोवळेपणा आता सोडावयास हवा. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ याने १९९७ साली 'सायबरटेक्स्ट' या ग्रंथात, ज्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम करावे लागतात अशा संहितांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिला आणि संगणकीय खेळांना त्यात स्थान दिले. त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. खेळ ही 'संहिता' आहे की नाही, हा वाद त्यामुळे येथे पुन्हा उकरून काढण्याचे कारण नाही.

उदाहरण घ्यायचे ते 'मारिओ कार्ट वी' या शर्यतीच्या खेळाचे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या 'वी' नावाच्या कन्सोलसाठी, म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या खेळयंत्रासाठी, तो एप्रिल २००८ मध्ये बाजारात आणला. त्याच्या तबकडीत शर्यतीचे बत्तीस मार्ग होते. त्यांतले सोळा नवे. उरलेले सोळा त्याच मालिकेतील जुन्या खेळांतून उचलून पुन्हा घडवलेले. ही मालिका १९९२ साली सुरू झाली. म्हणजे 'मूळ' म्हणून ज्याकडे पाहायचे ती कृतीच अर्धी अवतरणांची बनलेली होती, हे आंतरसंहितात्मकतेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे. या खेळात चाहत्यांनी पुढे स्वतः रचलेले मार्ग घातले. असे मार्ग आणि खेळातले इतर फेरफार एकत्र करून तयार होणाऱ्या जोडसंहितेला 'मॉड' म्हणतात. या खेळाच्या मॉडांपैकी सर्वाधिक प्रसिद्ध पावलेला 'सीटीजीपी रेव्होल्यूशन' हा होय. त्यात दोनशेहून अधिक मार्ग आहेत. मूळ कृतीपेक्षा सहापटीने मोठा हा विस्तार वाचकांनी केला, विनामूल्य केला आणि बहुतेकांनी टोपणनावाने केला.

सहनिर्मितीच्या सिद्धान्ताला याहून गोड पुरावा तो कोणता, असे कुणालाही वाटेल. वाटते ते तो मॉड यंत्रावर कसा चढवला जातो, हे न पाहिल्यामुळे.

'वी' हे यंत्र कुणाचीही आज्ञा पाळत नाही. जिच्यावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असते तीच आज्ञावली ते चालवते. विकत घेतलेले यंत्र, विकत घेतलेली तबकडी, स्वतःच्या घरातील दूरचित्रवाणी संच, हे सारे असूनही घरमालकाने लिहिलेली एक ओळ त्या यंत्रात चालत नाही. तेव्हा आत शिरायचे तर आधी यंत्राच्या वाचनातला दोष शोधावा लागतो. 'वाचनातला दोष' हा शब्दप्रयोग येथे अलंकारिक नाही. २००८ साली प्रसृत झालेली पहिली सर्वपरिचित वाट अशी होती: 'द लेजंड ऑफ झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' या दुसऱ्याच एका खेळात नायकाच्या घोड्याचे नाव साठवलेले असते. त्या नावासाठी स्मृतीत ठरावीक जागा राखलेली होती. पण नाव त्या जागेत मावते की नाही, हे खेळ तपासत नव्हता. जतन केलेल्या डावाच्या फाइलीत घोड्याचे नाव प्रमाणाबाहेर लांब लिहिले, की ते आपली जागा ओलांडून शेजारच्या जागेत सांडत असे, आणि त्या सांडलेल्या अक्षरांनाच यंत्र आज्ञा समजून पाळू लागे. कंपनीने पुढील आवृत्त्यांत ही वाट बुजवली. २०११ साली दुसरी सापडली, ती यंत्राच्या निरोपफलकातून. आपल्या यंत्राचा जाळ्यावरील ओळखक्रमांक देऊन एक पत्र तयार करून घ्यायचे, ते छोट्या एसडी कार्डावर उतरवायचे, कार्ड यंत्राच्या खाचेत घालायचे आणि निरोपफलक उघडायचा. तेथे बाँबचे चित्र असलेले एक लाल पाकीट आलेले असते. कधी आजच्या तारखेखाली, कधी कालच्या. ते उघडले की यंत्र ते पत्र वाचू लागते आणि वाचता वाचता पत्र लिहिणाऱ्याच्या स्वाधीन होते.

पुढची पायरी पाहण्याजोगी आहे. पडद्यावर पहिल्यांदा येते ती एक ताकीद: या आज्ञावलीसाठी कुणी पैसे घेतले असतील, तर तुमची फसवणूक झाली आहे, ते परत मागा. त्यानंतर 'होमब्रू चॅनल' हे स्वाक्षरीविना लिहिलेल्या आज्ञावली चालवणारे दालन यंत्रात बसते. मग मॉडची फाइल त्याच कार्डावर ठेवायची आणि त्या दालनातून मॉड सुरू करायचा. मॉड सुरू होताना यंत्रात मूळ खेळाची तबकडी असावी लागते. ती नसेल तर दोनशे मार्ग जवळ असूनही शर्यत होत नाही, कारण गाड्या, पात्रे, गुरुत्वाकर्षणाचा हिशेब, टकरींचे नियम हे सारे तबकडीतून येते. कार्डावरून येतात ते मार्ग आणि काही दुरुस्त्या. दोहोंचा संयोग यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत होतो. तबकडीवर एक बिंदूही उमटत नाही. वीज बंद केली की बत्तीस मार्गांची मूळ कृती होती तशी शिल्लक राहते.

वाचककेंद्री समीक्षेला अडचणीत आणणाऱ्या दोन गोष्टी या साऱ्यातून निघतात आणि त्या परस्परविरुद्ध दिशांना जातात. एक अशी की येथे लेखक मेलेला नाही, निदान त्याच्या नावाचा शिक्का मेलेला नाही. दुसरी अशी की येथला वाचक, ज्याने खरोखर काही निर्माण केले, तो सार्वभौम असल्याची बतावणी करीत नाही. मूळ तबकडी शाबूत राखून, तिच्याशेजारी आपले लेखन ठेवून तो वाचतो.

पहिली गोष्ट आधी. मिशेल फुको याने १९६९ साली 'लेखक म्हणजे काय?' हा प्रश्न विचारला, तेव्हा लेखक नाहीसा झाल्याची घोषणा करून भागत नाही, त्याच्या जाण्याने मोकळ्या झालेल्या जागेत काय शिरते ते पाहिले पाहिजे, असा इशारा त्याने दिला होता. आपल्याकडे घोषणा घेतली गेली, इशारा मागे राहिला. 'मारिओ कार्ट वी'चा लेखक कोण? आरेखनकार, संगीतकार, आज्ञावलीकार अशा अनेकांनी मिळून तो रचला. त्यांची नावे श्रेयनामावलीत सरकत जातात आणि खेळणाऱ्याला सहसा त्यांतले एकही आठवत नाही. रूढ अर्थाचा एक लेखक येथे नाहीच. बार्थच्या निबंधाला याहून अनुकूल कृती शोधून सापडणार नाही. पण त्या मोकळ्या जागेत वाचक शिरला काय? नाही. तेथे स्वाक्षरी बसली, आणि तीही कुणा माणसाची नव्हे; गणिताने सिद्ध होणारी, यंत्राने तपासली जाणारी, कंपनीच्या ताब्यातली. ती तपासणारी आज्ञावलीदेखील सुरुवातीला सदोष होती. दोन दीर्घ संख्या ताडून पाहताना ती त्यांना अक्षरमाला समजे, आणि अक्षरमाला शून्यापाशी संपते असे मानून तेथेच थांबे. त्यामुळे योग्य रीतीने सिद्ध केलेली फाइल असली, की निव्वळ शून्यांची कोरी स्वाक्षरीही काही काळ खरी ठरत असे. हा दोष कंपनीने सुधारला. कोऱ्या स्वाक्षरीची ही कथा एखाद्या उत्तर-संरचनावादी लेखकाने रचली असती, तर ती फार योजून केलेली वाटली असती.

लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी लेखक आणि मालक यांत भेद केला नाही, ही त्यांची मूळ चूक. अर्थावरचा लेखकाचा अधिकार काढून घेतला की संहितेवरचा सगळाच अधिकार संपला, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात उलटे झाले. अर्थावर हक्क सांगणारा, मुलाखतीतून 'मला असे म्हणायचे नव्हते' अशी कुरकुर करणारा लेखक दुबळा होताच. त्याला बाजूला सारल्यावर शिल्लक राहिला तो अर्थाविषयी संपूर्ण उदासीन असलेला मालक. या मालकाला तुम्ही खेळाचा काय अर्थ लावता याच्याशी कर्तव्य नाही. वाटेल तो अर्थ लावा. फक्त उघडू नका. वाचककेंद्री समीक्षेने मिळवलेले सर्व स्वातंत्र्य नेमके तेवढेच आहे, जेवढे मालकाला देऊन टाकायला हरकत नव्हती. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट' कायद्याने कृतीच्या नकलेवर तर बंदी कायम ठेवलीच, शिवाय कृतीभोवतीचे तांत्रिक कुलूप उघडणे हे, अपवाद वगळता, स्वतंत्र अपकृत्य ठरवले. ज्या काळात विद्यापीठांतून वाचकाच्या मुक्तीची व्याख्याने झडत होती, त्याच काळात हे घडले. या योगायोगाकडे समीक्षेने पाहिलेदेखील नाही.

समीक्षेने पाहिले नाही. न्यायालयांना पाहावे लागले. अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाचे दोन निवाडे साहित्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात लावावेत इतके ते आपल्या विषयाचे आहेत. पहिला १९९२ सालचा. गॅलूब या खेळणी बनवणाऱ्या कंपनीचे 'गेम जीनी' हे उपकरण निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रात खेळाची कॅसेट आणि यंत्र यांच्या मध्ये बसत असे आणि खेळ चालू असताना त्यातील एखादे मूल्य बदलून देत असे. नायकाला मिळणारे जीव वाढवण्यासारखे. निन्टेन्डोचे म्हणणे असे की ही आमच्या कृतीवर आधारलेली नवी, विनापरवाना कृती झाली. न्यायालयाने ते मानले नाही. जो बदल कोणत्याही कायम रूपात मूळ कृतीला सामावून घेत नाही, तो स्वतंत्र कृती ठरत नाही, असे त्याने म्हटले. निन्टेन्डो हरली. दुसरा निवाडा १९९८ सालचा. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळासाठी चाहत्यांनी रचलेले तीनशे नकाशे मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने गोळा करून तबकडीवर विकले. त्या नकाशांच्या फाइलींत मूळ खेळाचे एकही चित्र नव्हते. कुठे काय मांडायचे, एवढ्या सूचना होत्या. तरी न्यायालयाने कंपनीला दोषी धरले. कारण काय? या फाइली ड्यूकच्या साहसांच्या नव्या कथा सांगतात, या कथा मूळ कृतीचे उत्तरभाग होत, आणि उत्तरभाग लिहिण्याचा अधिकार मूळ कृतीच्या मालकाचा.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. खोल्या, भिंती, दारूगोळा यांची मांडणी म्हणजे कथन, हे विधान एखाद्या कथनमीमांसकाने केले असते तर त्यावर चार चर्चासत्रे झाली असती. ते केले न्यायाधीशांनी, आणि करताच त्यातून मालमत्तेचा हक्क काढून दिला. (उत्तरभागाचा आणि पुनर्कथनाचा हा न्याय सर्वकाळ लावायचा म्हटले, तर 'भावार्थ रामायणा'साठी एकनाथांना आधी वाल्मीकींच्या वारसांचा शोध घ्यावा लागला असता.) 'सर्व काही कथनच आहे' हे वाक्य आपण किती हलक्या हाताने वापरतो! एखादी गोष्ट कथन ठरल्यावर ती कुणाची होते, याची चौकशी न करता ते वापरणे हा निष्काळजीपणा आहे. हेही नोंदवले पाहिजे की 'सीटीजीपी'सारखा मॉड या दोन निवाड्यांच्या बरोबर मध्ये पडतो. त्याचा संयोग 'गेम जीनी'सारखा क्षणिक, पण त्याचे मार्ग मात्र ड्यूकच्या नकाशांप्रमाणे कायम रूपात कार्डावर लिहिलेले. विक्री मुळीच नाही.

आता दुसरी गोष्ट. चाहत्यांच्या अशा लेखनाला नाव देताना पाश्चात्त्य अभ्यासाने एक रूपक रूढ केले: चोरटी शिकार. मिशेल द सेर्तो याने १९८० साली वाचनाविषयी ते वापरले आणि हेन्री जेन्किन्सने १९९२ साली त्याच नावाच्या ग्रंथात ते चाहत्यांच्या संस्कृतीला लावले. दुसऱ्याच्या रानात शिरून वाचक आपल्यापुरते मारून नेतो. या रूपकात बंडाची झिंग आहे, म्हणून ते लोकप्रिय झाले. पण मॉडच्या बाबतीत ते पायापासून चुकीचे आहे. चोरटा शिकारी रानातून काही उणे करतो. येथे उणे काय झाले? तबकडी अभंग, तिची किंमत चुकती केलेली, आणि ती यंत्रात असल्याखेरीज आपला मार्ग चालू नये अशी मॉडचीच रचना. शिवाय शिकाऱ्याच्या रूपकात रान मालकाचेच राहते. वाचक कायमचा चोर. ज्यांनी वाचकाला गौरवायला हे रूपक आणले, त्यांनी वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मग टाळ्या वाजवल्या, असे म्हणणे भाग आहे.

मराठीच्या अभ्यासकाला या व्यवहाराला नाव देण्यासाठी इतके दूर जाण्याची गरज नव्हती. टीका आणि प्रक्षेप हा भेद त्याच्या हाताशी होता. टीका मूळ संहितेच्या शेजारी उभी राहते. मूळ अभंग ठेवून, त्याला धरून, त्याच्याहून कितीही मोठी होते. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या होतात आणि गीतेतील एक अक्षर हलत नाही. प्रक्षेप मात्र संहितेच्या आत, आपले नाव लपवून शिरतो. वाचणाऱ्याला मूळ कोणते आणि भर कोणती हे कळू नये, यातच त्याचे यश असते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात यापुढे कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले, ते याच भेदाच्या रक्षणासाठी. ज्यांनी हे बजावले त्यांनीच भागवताच्या एकादश स्कंधावर विस्तीर्ण टीका लिहिली. मूळ पाठाविषयी कठोर आणि टीकेविषयी मुक्त, अशा या भूमिकेत कोणताही अंतर्विरोध नाही. वाचकाच्या स्वातंत्र्याचा तो अधिक प्रौढ विचार आहे.

मॉड चालू असताना प्रक्षेपासारखा दिसतो, कारण पडद्यावर जुने आणि नवे मार्ग एकाच यादीत येतात. पण त्याची घडण टीकेची आहे. मूळ तबकडीत, भर कार्डावर. दोन्ही वेगळी काढता येतात. भर घालणारे आपापल्या मार्गांच्या आवृत्त्यांना क्रमांक देतात, आधीच्या आवृत्तीत काय चुकले होते त्याची नोंद ठेवतात. पाठचिकित्सेची ही शिस्त आपल्याकडील कित्येक 'संपादित' काव्यसंग्रहांत आढळत नाही, हे जाता जाता सांगितलेले बरे.

मार्ग रचण्याचे कामही 'मुक्त खेळ' या शब्दाने सुचते तसे नाही. डोळ्यांना दिसणारी रस्त्याची आकृती एका फाइलीत, गाडी जिच्यावर खरोखर टेकते ती अदृश्य पृष्ठभूमी दुसऱ्या फाइलीत, आणि शर्यतीचे तर्कशास्त्र तिसऱ्यात: गाड्या कोठून सुटतात, दरीत पडलेली गाडी कोठे परत ठेवायची, यंत्राने चालवलेल्या गाड्यांनी कोणती वाट धरायची. या तिसऱ्या फाइलीत रस्त्याला आडव्या अशा अदृश्य रेषा आखलेल्या असतात. त्या ठरलेल्या क्रमाने ओलांडल्या, तरच फेरी पुरी झाल्याचे मोजले जाते. रेषा विरळ ठेवल्या तर खेळणारा मधला रस्ता गाळून फेरी पदरात पाडून घेतो. मूळ खेळाच्या रचनाकारांच्या हातूनही हे राहून गेले आहे. 'ग्रम्बल व्होल्केनो' या मार्गावर सुरुवातीच्या रेषेजवळच्या खडकांवर उड्या मारून, मार्ग न फिरताच फेऱ्या पदरात पाडता येतात, ही गोष्ट जाणत्या खेळणाऱ्यांत सर्वश्रुत आहे.

वाचकाच्या सार्वभौमत्वाचा पुरस्कर्ता येथे आनंदाने म्हणेल की पाहा, संहितेने आखलेली वाट वाचकाने झुगारली. पण त्या वाचकांनी स्वतः काय केले? 'सीटीजीपी'च्या वेळनोंदींच्या तक्त्यांत त्यांनी वेगवेगळे वर्ग केले: सरळ मार्गाने साधलेली वेळ एका वर्गात, आडवाटेने साधलेली दुसऱ्यात, खेळाच्या दोषाचा फायदा घेऊन साधलेली तिसऱ्यात. तिन्ही वाचनांना मान्यता. पण एक दुसऱ्याच्या नावावर खपवायचे नाही. स्टॅन्ली फिशने १९७६ साली मांडलेली 'अर्थनिर्णायक समुदाया'ची कल्पना आपल्याकडे 'अर्थ सापेक्ष असतो' या पळवाटेसाठी वापरली जाते. समुदाय म्हणजे बंधनही असते, हे तिचे दुसरे अंग गळून जाते. ते अंग पाहायचे असेल तर या तक्त्यांत दिसते. कोणते वाचन संहितेला धरून, कोणते तिच्या फटीतून, आणि कोणते तिच्या बिघाडातून, हे सांगण्याची जबाबदारी आपल्या वाचककेंद्री समीक्षकांनी केव्हाच टाकून दिली. शर्यत खेळणाऱ्या पोरांनी ती उचलली आहे.

२० मे २०१४ रोजी निन्टेन्डोने 'वी' यंत्राच्या खेळांची जाळ्यावरून परस्परांशी खेळण्याची सोय बंद केली. सुमारे तीन कोटी सत्तर लाख प्रती खपलेल्या खेळाचा एक संपूर्ण घटक त्या दिवशी नाहीसा झाला. तबकडी तीच, यंत्र तेच. पण जगात कोठेही बसलेल्या अकरा अनोळखी माणसांशी शर्यत लावणे, हा कृतीचाच एक भाग होता, तो मिटला. त्याच महिन्यात चाहत्यांनी उभारलेली 'विमफी' ही पर्यायी सेवा सुरू झाली आणि शर्यती चालू राहिल्या. ३० जानेवारी २०१९ रोजी त्याच यंत्राचे आज्ञावली विकणारे दुकानही बंद झाले. मालकाच्या लेखी कृतीचे आयुष्य संपले. तिला जगवले ते तिचे कुलूप मोडण्याचा ठपका ज्यांच्यावर आहे त्यांनी. हस्तलिखितांच्या परंपरेत हेच काम नकलकार करीत. त्यांना कुणी सहनिर्माते म्हटले नाही, आणि त्यांच्यावाचून आज एकही संहिता आपल्या हाती नसती.

हे सारे खेळण्यांपुरते आहे, असे समजून वाचकाने पान उलटू नये. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावर विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' यांच्या काही प्रती, विक्रेत्याला त्या विकण्याचा हक्क नव्हता हे कळताच, खरेदीदारांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, पुढे दिलगिरीही व्यक्त केली. पण ऑर्वेलचा अर्थ लावण्याचे वाचकाचे स्वातंत्र्य त्या रात्री तसूभरही कमी झाले नव्हते. कमी झाली होती ती ऑर्वेलची प्रत. वाचकाच्या सहनिर्मितीवर शेकडो पाने लिहिणाऱ्या सिद्धान्तात या घटनेसाठी एक संज्ञासुद्धा नाही. 'प्रत', 'ताबा', 'कुलूप', 'नक्कल' हे शब्द आपण ग्रंथपालांकडे आणि वकिलांकडे सोपवून टाकले आणि स्वतःकडे 'अर्थ' ठेवून घेतला, तेव्हा आपण उंची वस्तू निवडली असेच आपल्याला वाटत होते.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. जे लाल पाकीट मॉडसाठी दार उघडते, तेच दार चोरून उतरवलेले खेळ चालवायलाही कामी येते, आणि तसे ते सर्रास वापरले गेले आहे. ज्यांनी 'होमब्रू'चे दालन घडवले त्यांनी चोरट्या प्रतींना उघड विरोध केला, पण दार उघडल्यावर आत कोण येतो यावर त्यांचा ताबा राहिला नाही. म्हणून मॉडच्या वाचकाला निरपराध ठरवण्याची घाई करू नये. मुद्दा एवढाच की त्याच्या कृतीत नीतीचा प्रश्न खरोखर उद्भवतो. मूळ तबकडी विकत घ्यायची की नाही, भर कुणाची ते सांगायचे की नाही, दुसऱ्याचा मार्ग सुधारताना त्याला विचारायचे की नाही, हे त्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. आरामखुर्चीतल्या सहनिर्मात्यावर असा एकही निर्णय घेण्याची वेळ येत नाही. त्याच्या मुक्त वाचनाने आजवर कुणाचे नुकसान झालेले नाही, आणि कुणाची प्रत वाचलेलीही नाही.